फणसाचा सभ्य चुलतभाऊ

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला सासऱ्यांनी पिशवीतून दोन हिरवे गोळे काढून ओट्यावर ठेवले, तेव्हा ती सातवं पान लिहीत होती.

सात पानं म्हणजे सोमवारची तयारी. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतली तिची जुनी जागा चार वर्षांनी पुन्हा रिकामी झाली होती. तिथल्या मोठ्या बाईंनी फोन करून सांगितलं होतं, "शनिवारी पाचच्या आत हो की नाही ते कळव. सोमवारी मला माणूस हवंच. तू नाहीस तर दुसरी." हो म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण हो म्हणायचं तर नऊ ते साडेपाच लेक एकट्या आजोबांच्या ताब्यात. नवरा फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. म्हणून ती लिहीत होती. काय द्यायचं, किती द्यायचं, कशात शिजवायचं, कुठल्या चमच्याने ढवळायचं. सातव्या पानावर ओठ सुजले तर काय करायचं ते होतं, आणि त्याखाली तिने लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

"हे काय आणलंत, बाबा?"

"आणलं नाही, आलं. बॉयलरने पाठवलंय."

बॉयलर म्हणजे सासऱ्यांचा बोटीवरचा जुना सोबती. सासरे तीस वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होते आणि तो खाली इंजिनघरात. आता तो बंदरावरच्या गोदामात बसायचा आणि उष्ण मुलखातून काही चमत्कारिक आलं की त्यातलं एखाददुसरं इकडे धाडायचा.

तिने पेन खाली ठेवलं. लहान मुलाच्या डोक्याएवढी दोन फळं. सालीवर षटकोनी खवले, जणू कोणी शिवणकामाचा सराव करून ठेवलाय. एकाच्या अंगावर पांढऱ्या डिंकाचे वाळलेले थेंब. दुसरं जरा पिवळट.

"फणस आहे का?"

"फणसाचा चुलतभाऊ समज. पण सभ्य. अंगावर काटे नाहीत, पाहुणा आल्यासारखा बसतो बघ गप्प." सासऱ्यांनी टिचकी मारली. "गोड नसतो. बटाट्यासारखा वागतो, पावासारखा लागतो. विस्तवावर अख्खा भाजायचा. बेटांवर लोक याच्यावर दिवस काढतात."

"मुंगीला नाही द्यायचं."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की सासरेही सहजच "बरं" म्हणाले.

मुंगी म्हणजे लेक. चार वर्षांची. बिस्किटाचे सोळा तुकडे करून एकेक कोपऱ्यात नेऊन खायची, म्हणून हे नाव. वर्षापूर्वी तिला आजोबांनी एक पातळ, कुरकुरीत बिस्किट दिलं होतं. वरून तीळ लावलेलं. कोणाला काही ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांत पोरीचे ओठ फुगले, आवाज बसला, आणि आई तिला उचलून तीन मजले धावत उतरली. डॉक्टरांनी सुई टोचली, रक्त तपासलं आणि निकाल दिला. तीळ. फक्त तीळ, बाकी सगळं खाऊ दे. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हिने तर पाणीही फुंकायला घेतलं. फ्रिजच्या दारावर अकरा पदार्थांची यादी लागली. वर्षभर मुंगीच्या पोटात त्या अकराबाहेरचं काही गेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "अहो, वाढवा ना यादी." ती हो म्हणून आली होती. यादी अकराचीच राहिली.

सासऱ्यांना ती दोष देत नव्हती. निदान तोंडाने देत नव्हती. पण दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा वास गेला होता. नाक तेव्हापासून चष्मा ठेवण्यापुरतं उरलं होतं. बारीक अक्षर दिसायचं नाही आणि चष्मा कायम दुसऱ्या खोलीत. शिवाय त्यांना हात धुण्याचा नाद लागला होता. मुंगीला जवळ घ्यायच्या आधी साबण लावून दोनदा, कोपरापर्यंत, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे. नळ वाहतोय तो वाहतोच आहे. ती ते बघायची आणि मनात म्हणायची, म्हातारपण, दुसरं काय. अशा माणसाच्या हाती पोर सोपवायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून राहायला हवं, आणि ती तर नऊ ते साडेपाच घरातच नसणार.

म्हणून तर गुरुवारी तिने सगळं स्वयंपाकघर उपसलं होतं. सहा सारख्या काचेच्या बाटल्या आणल्या. तेलकट, चिकट जुन्या बाटल्या रिकाम्या करून फेकल्या आणि नव्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे अपघात.

"आज मी भाजतो हे," सासरे म्हणाले. "तू लिही."

"तुम्हाला ते झालं की नाही कसं कळणार? वास..."

"वासाला तू आहेस की. बोटांना मी आहे. दोघांत मिळून एक आचारी होतो."

तिला हसू आलं. खरं तर तिला फळ बघायचंच होतं. नवीन नमुना समोर आला की तिचे हात स्वस्थ राहत नसत, आणि चार वर्षं तिच्यासमोर नवीन काही आलंच नव्हतं. मुंगी स्टुलावर चढून बसली होती, हनुवटी ओट्याला टेकवून.

"याला डोळे आहेत का, आजोबा?"

"नाहीत. म्हणून तर तो तुला बघून पळाला नाही."

सुरी तिनेच हातात घेतली. डिंकाचे थेंब असलेलं फळ आडवं धरून देठ कापला, आणि तिथून दूध गळायला लागलं. पांढरं, दाट. तिने नळाखाली धरलं. झालं, सगळा चिकटा जागच्या जागी घट्ट. सुरी कापायच्या पाटाला, पाट बोटांना, बोटं एकमेकांना.

"अगं अगं, पाणी नाही. पाण्याने तो रुसतो. तेल लागतं त्याला. हाताला, सुरीला, सगळ्याला."

"आधी सांगायचं ना, बाबा."

"विचारलंस कुठे? शिकलेली माणसं आधी कापतात, मग विचारतात."

ती नळाशी पाठमोरी उभी राहून बोटं घासत होती. मागे सासरे वरच्या फळीवर हात फिरवत होते. काचेवर काच लागल्याचा आवाज आला, बूच निघालं. सुरीवरून तळहात फिरवल्याचा, मग फळाच्या बुडाला फुलीसारखी चीर दिल्याचा आवाज. मग मुंगीचा आवाज.

"मला पण. माझ्या हाताला पण तेल."

"घे. उघड मूठ."

आणि त्याच वेळी वास आला.

खमंग, जड, किंचित कडवट. वर्षभर घरात कुठेही, शेजारच्या जिन्यातसुद्धा, हा वास आला की तिच्या मानेवर काटा उभा राहायचा. ती वळली. मुंगीचा पंजा उघडा होता, पाच बोटं ताणलेली. आजोबांचा चकाकता तळहात त्यावर येत होता, चार बोटांच्या अंतरावर.

"बाबा. हात मागे घ्या."

ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली आला की सासरे जागच्या जागी थिजले आणि त्यांनी हात वर केले, चोर पकडल्यासारखे.

"मुंगे, स्टुलावरून उतर. कशाला हात लावू नकोस. दाराशी उभी राहा."

मुंगी उतरली. या आवाजापुढे तीसुद्धा वाद घालत नसे.

"काय झालं?"

"ते तीळतेल आहे. तुमचं गुडघ्याचं."

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वतःचा हात नाकाशी नेला, हुंगला, आणि तो निरुपयोगी हात तसाच खाली आणला. "नाही गं. नाही. ती बाटली मी ओळखतो. तिच्या गळ्याला सुतळी आहे. हिला नाही. मी चाचपून बघितलं, दोनदा बघितलं." ते पुन्हा बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवू लागले, गोल गोल. "तीन गाठी. मी स्वतः मारल्यात. कुठे गेली सुतळी?"

नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

गुरुवार तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. न्हाणीघरातल्या कपाटापाशी बादली पालथी घालून मुंगी वर चढलेली. सासऱ्यांची तेलाची बाटली तिथे असायची. तिच्याच परवानगीने, तिच्याच अटीवर. तिने पोरीला उतरवलं आणि बाटली स्वयंपाकघरात आणली, सर्वांत वरच्या फळीवर, म्हणजे आपल्या नजरेसमोर राहील. तेल नव्या बाटलीत ओतून जुनी फेकली. जुनीच्या गळ्याशी एक काळपट, तेलाने माखलेली सुतळी होती. तिने ती दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकली होती. मग लाल शाईने, सुवाच्य अक्षरात, चिठ्ठी लावली होती.

म्हणजे घरातलं एकमेव विष स्वयंपाकघरात आणलं कोणी? तिने. ते बाकीच्या पाचांसारखं दिसेल अशी तजवीज केली कोणी? तिने. आणि ज्या एका खुणेवर म्हातारा विसंबून होता, ती खूण केराच्या टोपलीत घातली, तीही तिनेच.

खोटं बोलायला जागा होती. सुतळी तुटली असेल, म्हणता आलं असतं. सासरे अजून बाटलीचा गळाच चाचपत होते. त्यांनी स्वतःलाच दोषी धरलंय हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"बाबा, सुतळी मी टाकली," ती म्हणाली. "गुरुवारी. मला वाटलं, घाण आहे."

बाटलीच्या गळ्यावरचं त्यांचं बोट थांबलं.

"कसली सुतळी होती ती?" तिने विचारलं.

"बोटीवरची पद्धत," ते म्हणाले. "हलत्या बोटीवर मीठ नि सोडा एकाच रंगाचे. दिव्याचा भरवसा नाही. म्हणून डब्यांना गाठी. एक गाठ मीठ, दोन गाठी सोडा. तीन गाठी म्हणजे स्वयंपाकाला हात लावायचा नाही. फिनेल, रॉकेल असलं काही. पोरीचं ते झालं ना, त्याच संध्याकाळी मी त्या बाटलीला तीन मारल्या. ते तेल लावलं की हात दोनदा धुतो. तीनदा धुतले असते, पण पाणी फार वाहिलं की तू बघतेस."

वर्षभर या माणसावर तिने नजर ठेवली होती. किती वाजता उठतो, किती साखर घेतो, चष्मा कुठे विसरतो. आणि जे दिसत होतं तेच तिला दिसलं नव्हतं.

पण शरमेत बसून राहायला वेळ नव्हता आणि तिचा तो स्वभावही नव्हता. काम समोर आलं की तिची भीती बाजूला बसून घ्यायची. तिने एका पिशवीत चीर दिलेलं फळ घातलं, सुरी, पाट, फडकं घातलं आणि शेवटी बाटली. तोंडाला गाठ मारली. तीन गाठी मारल्या.

"हे तेल आता घरात नाही. गुडघ्याला खोबरेल."

"गुडघे ऐकणार नाहीत."

"गुडघ्यांना सांगा, सूनबाईचा हुकूम आहे. वीस वर्षांनी मुंगी डॉक्टर झाली की तिच्याकडे तक्रार करा."

सासऱ्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दोघांनी मिळून ओटा साबणाने तीनदा घासला. सासऱ्यांनी हात धुतले आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहून नळ धरून होती. पाणी वाहतंय तर वाहू दे.

"माझी शिक्षा संपली का?" दारातून मुंगीने विचारलं.

"शिक्षा नव्हती. ये. पण आधी हात धू. कोपरापर्यंत, आजोबांसारखे."

उरलं एक फळ. पिवळटसर झालेलं. सासऱ्यांनी ते दोन्ही हातांत तोललं, अंगठ्याने दाबलं. "अंग किंचित नरम आहे. बोटं म्हणतायत आजचाच दिवस. पण आतून आंबलं असेल तर बोटांना कळत नाही. देठाशी वास घे बरं."

तिने नाक लावलं. डोळे मिटले. "ओली कणीक. मळून तासभर झाकून ठेवलेली."

"दारूसारखं काही? आंबूस?"

"नाही. थोडं गोडसर. कच्च्या काकडीच्या सालीसारखं मागून काहीतरी."

"मग चालतंय. पेटव गॅस."

या वेळी तिने स्वतः तेल निवडलं, हुंगून, आणि बाटली त्यांच्या हातात देण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. सुरीला तेल, हाताला तेल. बुडाला फुलीची चीर, वाफ निघून जायला. मग फळ जाळीवर, जाळी गॅसवर. सासरे दर पाच मिनिटांनी देठ धरून ते फिरवायचे. कातडी काळी पडत चालली, तडकायला लागली. खिडकी उघडली तर खालचा इस्त्रीवाला वर बघून म्हणाला, "ताई, काय जळतंय?"

"पाव," सासऱ्यांनी वरून उत्तर दिलं. "झाडावरचा."

"आता?" ते तिला विचारायचे. त्यांचे डोळे फळावर आणि कान तिच्याकडे.

"ओलं लाकूड."

पाच मिनिटं.

"आता?"

"भाजलेलं कणीस. पण साल जास्त येतेय, कणीस कमी."

"अजून फिरवू. आता?"

तिने वाकून वाफेत तोंड घातलं. चाळीस मिनिटं झाली होती. प्रयोगशाळेत ती पाण्याच्या वासावरून सांगायची, टाकी कुठल्या बाजूने गळतेय. लोक हसायचे आणि मग टाकी उघडून बघायचे. हे नाक चार वर्षं तिने फक्त धोका हुंगायला वापरलं होतं.

"आता पाव," ती म्हणाली. "भट्टीतून काढलेला, आत अजून ओला. बंद करा. नाही, थांबा. एक मिनिट. आता करा."

त्यांनी बंद केलं, काही न विचारता.

काळी साल फडक्यात धरून सोलली तर आतून फिकट पिवळा गर निघाला, मऊ, धागेदार, वाफाळता. मधला दांडा काढून टाकला. लोणी, मीठ. बोटीवरच्या नियमाने पहिला घास आचाऱ्याचा. सासऱ्यांनी तो तोंडात घोळवला. चव त्यांना चार आणेच लागायची.

"स्पर्श बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकीचं तू सांग."

तिने खाल्लं. बटाटा खरा, पण शेवटी पाव. भाजल्याचा धूर आणि मागून अगदी हलका गोडवा. तिने दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला तिने स्वतःला थांबवलं, कारण मुंगी बघत होती.

"मला नाही ना?"

यात तक्रार नव्हती. मुंगीला सवय होती. हेच तिला लागलं.

सव्वा वाजला होता. तिने यादीकडे बघितलं. अकरा. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं, आणि नवीन पदार्थ द्यायची रीतही त्यांनी लिहून दिली होती. सातव्या पानात ती स्वतःच्या अक्षरात उतरवलेली होती. डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेली औषधाची सुई कुठे आहे ते तिला माहीत होतं. दवाखाना उघडा होता. आज ती घरात होती. यापेक्षा चांगला दिवस कुठला यायचा होता?

"तुला पण," ती म्हणाली. "रीतीने."

गराचा कण मनगटाच्या आतल्या बाजूला. स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटांवर. मुंगी हात पुढे धरून बसली आणि तिघंही त्या मनगटाकडे बघू लागले.

"माझं मनगट खाऊन झालं का?" दोन मिनिटांनी मुंगीने विचारलं.

"मनगटं सावकाश खातात," आजोबा म्हणाले. "त्यांना दात नसतात."

मनगट कोरडं, साधं. मग ओठाच्या कडेला कण. पुन्हा वीस मिनिटं. तिने श्वास मोजले नाहीत. म्हणजे पहिले चाळीस मोजले, मग सोडून दिलं. मग वाटाण्याएवढा तुकडा. मुंगीने तो चघळला, गिळला आणि दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

"बटाट्याच्या पोटात पाव आहे."

अर्धा तास. ओठ जसेच्या तसे. आवाज जसाच्या तसा, उलट जास्तच. मग बशीत चार फोडी. मुंगीने पहिल्यांदाच एकाही फोडीचे सोळा तुकडे केले नाहीत.

पावणेपाचला तिने फोन लावला. सासरे ऐकतच नसल्यासारखे कपाटाशी काहीतरी करत होते.

"हो," ती फोनवर म्हणाली. "सोमवारी येते. नऊला."

फोन ठेवून तिने यादीत बारावी ओळ लिहिली. नाव काय लिहावं ते कळेना, म्हणून लिहिलं, 'फणसाचा सभ्य चुलतभाऊ, भाजून.' वळून बघते तर सासरे ओट्यापाशी सुतळीचं नवीन रीळ घेऊन बसलेले, आणि समोर उरलेल्या पाचही बाटल्या रांगेत.

"चष्मा आणू?"

"कशाला? तू वाच." त्यांनी सात पानांच्या चळतीकडे हनुवटी उडवली. "पहिल्या पानापासून. जिथे तुझा आवाज सकाळसारखा खाली जाईल तिथे मी सुतळीला गाठ मारतो."

ती स्टुलावर बसली. पाटावरचा तो डिंक तिच्या दोन बोटांना अजून चिकटलेला होता. पान उलटताना कागद बोटांबरोबर यायचा. तिने पहिलं पान वाचायला घेतलं.